रखमा घड्याळाला सेकंदकाटा का नाही

सन्माननीय अध्यक्ष आणि घड्याळ कारखान्याचे मालक रामदासशेठ, व्यासपीठावर बसलेले विक्री खात्याचे प्रमुख उत्तमराव, जिच्या निरोपासाठी आपण लालबागच्या या सभागृहात जमलो ती माझी मुलगी कांता, तिच्या हाताखाली शिकलेल्या साऱ्या मुली, आणि वरळीच्या बीडीडी चाळीतून मुद्दाम आलेले माझे शेजारी, सर्वांना जय भीम, नमस्कार.

मी बुधाजी. शिक्षण चौथी, तेही पुरतं नाही. माइक जवळ धरायचा की लांब, हे सकाळपासून तीनदा विचारून झालं. कांता म्हणाली, "बाबा, दोन शब्द बोला आणि बसा." दोन शब्दांत होणार नाही. आणि आज राहिलं तर राहिलंच.

झालं असं, की आत येताना आपल्या रखमा घड्याळाच्या नव्या खोक्यातला कागद हातात आला. त्यावर छापलंय, 'रखमा म्हणजे सौभाग्याची राणी.' शेठ, रागावू नका. रखमा राणी नव्हती. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात बॉबिनवर सूत भरायची. माझी बायको, कांताची आई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

शहाण्णव साली हे घड्याळ काढायचं ठरलं, तेव्हा शेठनी कामगारांकडून नावं मागवली. सगळ्यांनी इंग्रजी नावं दिली, कांतानं आईचं दिलं. शेठ म्हणाले, "अगं, घड्याळाला एवढं जुनं नाव?" ही म्हणाली, "शेठ, विकलं गेलं नाही तर माझं नाव बदला." शेठ हसतायत, म्हणजे आठवतंय! आज मच्छीमार नगरच्या गुणवंतीबाई मासळीच्या पाण्यात हात घालतात, पण रखमा काढून ठेवत नाहीत. मला अभिमान वाटणार नाही का?

पट्ट्याला एवढी भोकं कशाला, असं लोक विचारतात. गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी चाळीत माणसांची मनगटं अशी उतरली की घड्याळं कोपराकडे सरकायची. रखमा दाभण तापवून पट्ट्यांना आतल्या बाजूनं भोकं पाडून द्यायची. वर म्हणायची, "संप मिटला की बाहेरच्या भोकात या हो भाऊजी." तो संप मिटल्याचं मला अजून कोणी सांगितलेलं नाही. आकडे मराठीत आहेत, कारण तिला तेवढेच वाचता येत. ते मात्र पक्के.

आता सेकंदकाटा. उत्तमराव म्हणतात, नव्या मालात तो घालू. त्यांचंही चुकत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "बंद आहे वाटतं." मग दुकानदारानं सांगायचं, "कानाला लावून बघा." कांताला विचारलं तर म्हणते, आईला सेकंद आवडत नसत. खरं आहे. पण त्यातलं अर्धंच कांताला ठाऊक आहे.

एक्क्याऐंशी साली मी गिरणीच्या टाइम ऑफिसात शिपाई होतो. तेव्हा साहेब स्टॉपवॉच घेऊन बायकांच्या पाठीमागे उभे राहत. तुटलेला धागा जोडायला किती सेकंद लागतात ते मोजत. त्या दिवशी रखमाच्या बोटाला नखुरडं झालं होतं. चिंधी बांधून उभी होती. साहेब म्हणाले, "अठरा." त्या आकड्यावर तिला मशीनवरून काढून बदली कामगारांत टाकलं, म्हणजे कोणी गैरहजर असेल तरच काम. एवढं कांताला माहीत आहे. आकडा कागदावर कोणी लिहिला, ते माहीत नाही.

कांता, तो मी लिहिला. "साहेब, तिचं बोट सुजलंय," एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. माझी नोकरी जाईल म्हणून घाबरलो. घरी आलो तर रखमा भाकरी थापत म्हणाली, "अठरा छान वळणदार काढलात हो." बस. पुढे संपात माझीही नोकरी गेली, पण तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

घड्याळात काय काय हवं, हे विचारायला कांता घरी आली, तेव्हा रखमा माझ्याकडे बघत म्हणाली, "तास असू दे, मिनिटं असू दे. सेकंद नको. तेवढ्यावरून माणूस कळत नाही." पोरीला वाटलं, आई साहेबाबद्दल बोलतेय. मी खाली मान घालून चहा प्यालो.

कांता, बस, उठू नकोस. संपवतोच आहे.

या पोरीनं एकेचाळीस वर्षं काम केलं. त्यातली वीस वर्षं सगळी जोडणी तिच्या हाताखाली होती. तिनं एकाही मुलीच्या पाठीमागे घड्याळ लावलं नाही. कोणाचं बोट दुखत असेल तर ट्रे उचलून आपल्यापुढे ओढला. विचारा या मुलींना. तरी रोजचा माल रोज पुरा. म्हणून उत्तमराव, काटा घालायचा तर घाला, पण त्या घड्याळाला दुसरं नाव द्या.

शेठनी बोलू दिलं, आपण चहा थांबवून ऐकलंत, आभारी आहे. माझ्या अडाणी बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, ते सभेनं पोटात घालावं. त्या अठराची माफी मात्र सभेनं देऊ नये. ते कांतानं ठरवायचं.

जय भीम.