हेल्लेचा पाळणा

हो, तोच पाळणा. पाचही फोटोंत तोच आहे, मी कुठे नाही म्हणतेय? आण इकडे तो फोन — जरा लांब धर, जवळचं मला दिसत नाही — हा विस्कॉन्सिनचा, लाल टोपीवाला, ह्याने सहा वॅफल खाल्ले होते. ह्या दोघी बहिणी, पाळण्याला हात लावून रडल्या होत्या बिचाऱ्या. हा कोण? असेल कुणी. आणि प्रत्येक फोटोत कडेला माझा हात, अंगठीसकट! आणि खाली काय लिहिलंय — आमचे खापरपणजोबा ह्याच पाळण्यात वाढले. पाच जणांचे खापरपणजोबा, एका पाळण्यात. दाटीवाटीने झोपत असतील. हस ना, लॉरेल. मला तर हसूच येतंय — नाही येत खरं तर. आता मला काय माहीत, तुम्ही लोक तिकडे अमेरिकेत एकमेकांना फोटो दाखवत बसता ते? बस खाली. कोट नको काढूस हवं तर, पण बस. चोर पकडलास ते पकडलास, कॉफी कशाला गार करतेस?

खोटं बोलले का मी? आता बघ, ते विचारायचे, हेल्ले म्हणजे हेच ना? मी म्हणायची, हेच. ह्यात खोटं काय आहे? पण तू नॉर्थ डकोटाहून आलीस, शिकलेली दिसतेस, तुला सांगायला हवं. हेल्ले हे माणसांचं नाव नव्हतंच गं कधी. हेल्ले ही जमीन. जमिनीवर जो राहील तो हेल्ले — मालक हेल्ले, मालकाचा गडी हेल्ले, गड्याची बायको हेल्ले. उद्या तो गडी ओढ्यापलीकडच्या शेतावर राबायला गेला की हे नाव इथेच टाकायचं आणि तिथलं लावायचं, अंगरखा बदलावा तसं. माणसाचं स्वतःचं काय, तर बापाचं नाव, बस. मग बोटीतून उतरल्यावर तिकडच्या साहेबाने विचारलं, आडनाव? — हा म्हणाला, हेल्ले. झालं, चिकटलं. आणि जाणारे कोण होते? ज्याला हे घर, ही गुरं, ते वरचं जंगल मिळणार तो कशाला बोटीत चढून ओकाऱ्या काढेल? गेले ते गडी. आणि आता गड्यांची पतवंडं येतात, छान छान बूट घालून, आणि थेट मालकाच्या दारात उभी राहतात. सगळे हीच चूक करतात. सगळे! तू पण केलीस.

माझा नवरा आस्लाक — तो बघ भिंतीवर, बंदूक घेऊन उभा — तो तोंडावर सांगायचा. कागद बघायचा, चष्मा काढायचा आणि म्हणायचा, तुम्ही आमचे नव्हेत, तुम्ही आमच्या गड्यांचे, वर जंगलाच्या कडेला खोपटाच्या चुलीचे दगड आहेत ते बघून घ्या. असं हसत हसत. खरं होतं ना, मग त्याचं काय चुकलं? काही नाही चुकलं. पण त्या लोकांचे चेहरे — एवढा समुद्र ओलांडून आलेले — असे पडायचे की मला ट्रे हातात धरून उभं राहणं नको व्हायचं. कॉफी अर्धी टाकून जायचे. पुन्हा पत्र नाही, काही नाही. आणि तो मला म्हणायचा, तुझं तोंड का उतरलं गुनवोर, तुझा काय संबंध? — मला म्हणायचा हं, माझा काय संबंध म्हणून! असो. ते राहू दे.

मग तो गेला. नऊ वर्षं झाली. जमीन शेजारी बघतो, त्या मेंढ्याही त्याच्याच. मुलगा ऑस्लोला आहे, ईस्टरला येतो, दोन दिवस फोनवर बोलतो — माझ्याशी नाही, इतरांशी — आणि जातो. तर आस्लाक गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात पहिलीच मोटार आली, एक म्हातारा आणि त्याची बायको, हातात असाच कागद. हेल्ले म्हणजे हेच ना? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — हेच. या. तुम्ही आमचेच. अगं, त्या माणसाने मला मिठी मारली! नऊ महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता, दंतवैद्य सोडला तर. मी वॅफल केले, तपकिरी चीज काढलं, मग वाटलं काहीतरी दाखवायला हवं, म्हणून माडीवरून पाळणा काढला. नाताळला त्यांचं कार्ड आलं — आमच्या लाडक्या गुनवोरला. लाडक्या! तिथे लावलंय बघ, खिडकीशी. त्यानंतर मी कुणाचा कागद वाचलाच नाही. हातात घ्यायची, मान डोलवायची, परत द्यायची. वाचला की कळणार, आणि कळलं की आस्लाकसारखं बोलावं लागणार. एकटी बाई आहे मी, लॉरेल. मला माणसं हवी होती. घ्या, बोलले. आता ते पण टाक फोनवर.

तुझा पण नाही वाचला. मघाशी तू दारात उभी राहिलीस तेव्हा नुसता धरला होता. पण तू बोललीस आणि मी जरा चपापले, खरं सांगते. तुझं बोलणं आपल्या ह्या डोंगरावरचं आहे, जुनं. माझ्या लहानपणी म्हातारी माणसं असं बोलायची, आता इथे कुणी बोलत नाही. आजीकडून आलं म्हणालीस ना? दे तो कागद. नाही, दे. एक तरी वाचते. पकडली गेलेच आहे.

आयविंद हाल्वोर्सन हेल्ले. जन्म अठराशे साठ. बाप हाल्वोर, गडी — बघ, लिहिलंयच की, गडी, तुला वाचता आलं नाही का चर्चच्या वहीतलं ते अक्षर? — राहणार — थांब. चष्मा कुठे गेला? डोक्यावर आहे, हो. राहणार ब्रोतेन.

ब्रोतेन.

नाही, काही झालं नाही मला. पाणी नको. ब्रोतेन म्हणजे ते वरचं खोपटं. चुलीचे दगड म्हणाले ना. आणि हे खाली कुणी लिहिलंय, तुझ्या आईने? थोरली मुलगी सिग्रिड. त्याची थोरली मुलगी सिग्रिड — आणि त्याच्या आईचं नाव कारी, सासूचं नाव मारित. मग सिग्रिड कशी? थोरलीला आजीचं नाव द्यायचं, इथे कुणी त्यात फेरफार करायचा नाही, केला तर गावात चर्चा. ज्याच्यावर फार जीव असेल आणि जो परत दिसणार नाही अशा माणसासाठीच मोडायचे तो नियम. सिग्रिड त्याची बहीण होती, लॉरेल. सहा वर्षांनी धाकटी. तो निघाला तेव्हा सोळा वर्षांची होती, खालच्या पुलापर्यंत त्याची पेटी एका बाजूने धरून गेली होती. मला कसं माहीत? कारण ती माझी आजी. माझ्या वडिलांची आई. आणि तिच्या थोरल्या मुलाचं नाव सासऱ्यावरून क्नुत ठेवायला हवं होतं, सगळे क्नुत क्नुत म्हणत होते, आणि तिने पाद्र्यासमोर सांगितलं, आयविंद. तेरा वर्षं पत्र नव्हतं. ते नाव ठेवलं म्हणजे तिने त्याला मेलेला धरला. आणि हा तुझा कागद म्हणतो, एकोणीसशे एकतीसपर्यंत जिवंत होता! गहू पिकवत होता! आणि — हे काय — दर नाताळला घरी पत्र लिहायचा, उत्तर कधी आलं नाही.

आलं असतं कसं? पत्त्यावर काय लिहिलं असेल त्याने? हेल्लेच ना. आणि हेल्लेची पत्रं ह्या घरात यायची. ह्या टेबलावर. वर ब्रोतेनला कुणी नेऊन दिली नाहीत. का नाही दिली ते मी कुणाला विचारू? सासूला विचारायला हवं होतं, पण सासूला मी मीठ मागताना पण दोनदा विचार करायची. मी ब्रोतेनची, समजलं का तुला? गड्याच्या खोपटातली मुलगी हेल्लेच्या मुलाने करून आणली. माझं बाळ त्या पाळण्यात ठेवलं तेव्हा सासू म्हणाली, चला, ब्रोतेन शेवटी इथपर्यंत पोचलं. आम्ही लहानपणी गवताच्या खोक्यात झोपायचो. म्हणून मला तो पाळणा दाखवायला आवडायचं. हेल्लेची मालकीण, पाहुण्यांना पाळणा दाखवतेय. आस्लाक त्या लोकांना गडी म्हणायचा तेव्हा मी ट्रे घेऊन गप्प उभी राहायची, आणि तो गेल्यावरही मी एकालाही म्हटलं नाही की मीसुद्धा तुमच्यातलीच. साठ वर्षांत त्या दगडांपाशी मी एकदा गेले नाही.

म्हणजे तू माझी आहेस, लॉरेल. माझ्या आजीच्या भावाची. आजवर आलेल्यांत तू एकटी.

काय म्हणालीस? — हे पण मी त्या सगळ्यांना सांगत आले का?

नाही. हे कुणालाच — अगं, नाही, थांब. हे खरं आहे. पाळण्याचं खोटं होतं, हे — बघ ना, ब्रोतेन लिहिलंय, तुझ्याच कागदावर! दाखवायला? दाखवायला माझ्याकडे काय असणार? गड्यांच्या घरी नक्षीच्या पेट्या नसतात, नावं कोरलेले पाळणे नसतात. जे होतं ते आजीने तोंडी सांगितलेलं. ह्या घरात जे जे दाखवण्यासारखं आहे ते सगळं त्यांचं आहे, माझं काही नाही. अशी हसू नकोस. त्या लाल टोपीवाल्याने पण असंच हसून ऐकलं असतं तर मला चाललं असतं. तू नको.

बरं. नको धरूस खरं. मी तरी कशाला धरलं असतं. पाच जणांना मिठ्या मारून झाल्यावर सहावीला खरं सांगायला निघालेय.

तो कागद घे. नीट घडी कर, मी चुरगळलाय जरा. कार्ड पाठवायची गरज नाही — नाही, खरंच नको, मी बघत बसेन. आणि ऐक, बाहेर पडलीस की खाली नको जाऊस, गोठ्यामागून वर जा, दहा मिनिटं. बर्चची तीन झाडं आहेत, त्यांच्यामध्ये दगड. चुलीचे. सगळ्यांना मी इथे आणलं, तिथे कुणाला पाठवलं नाही, तू जा. मी येत नाही, माझे गुडघे — नाही, गुडघ्यांचं काही नाही. मी नाही येत. तिथून पायवाट सरळ खाली रस्त्याला लागते, ह्या घरावरून परत यावं लागत नाही.

जा. फाटक लावून घे, मेंढ्या बाहेर पडतात.