चौघं आणि एक फळी

बाबा गेल्यावर त्यांची भाड्याने आणलेली चाकांची खुर्ची परत करायला मी दुकानात गेले होते. बाकावर एक नवरा-बायको बसले होते. त्याच्या खुर्चीचं चाक आत दुरुस्त होत होतं.

“अहो, उमेदवाराच्या ऑफिसात मी हो सांगून टाकलंय. मतदानाला त्याची चार पोरं येतील, तुम्हाला उचलून केंद्रात नेतील.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात. मागच्या वेळी दोन पायऱ्या बघून रुसून परत आलात.”

“रुसून नाही. चाकं पायऱ्या चढत नाहीत, बाईसाहेब. रॅम्पचं काय म्हणाला तुझा उमेदवार?”

“सभेत म्हणाला, माझी पोरं हाच तुमचा रॅम्प.”

“वा! टाळ्या पडल्या असतील.”

“पडल्या. मीही वाजवल्या. बाकीचे तर आपली आठवणही काढत नाहीत.”

“अगं, चौघांनी उचलायची वेळ कधीतरी येणारच आहे. आत्तापासून तालीम कशाला?”

“अभद्र बोलू नका. शेजारी माणसं बसलीत.”

मी रिकाम्या खुर्चीचा ब्रेक लावला.

“मग काय हो, मत द्यायचंच नाही यंदा?”

“द्यायचंय तर! येऊ देत चौघं. पण मला नाही, एक चांगली लांबरुंद फळी उचलून आणा म्हणावं. पायऱ्यांवर टाकली की झालं. मागून ढकलायला तू आहेसच.”

“एवढंच सांगू?”

“आणि मतदान संपल्यावर ती परत नेऊ नका म्हणावं.”