न खपलेली अहिराणी कॅसेट

हसायचं असेल तर हसा, पण नव्वदच्या दशकातला माझा सगळ्यात लाडका अल्बम म्हणजे एक अहिराणी कॅसेट. ती खपली नाही, आज कुणाला तिचं नावही आठवत नाही. मी मात्र ती मोबाइलमध्ये उतरवून घेतलीय. मागच्या महिन्यात धुळ्याहून जळगावला येताना एसटीत तीच ऐकत होतो.

शेजारी बसलेले टोपीवाले आबा म्हणाले, "हाई काय लाई ठेवेल शे, भाऊ? हाऊ तं नाकमा गास!"

"आबा, त्या आवाजातच तर गंमत आहे."

"बठ्ठ्या चाली एकसारख्या शेतस."

सगळ्या चाली एकसारख्या? माझं डोकंच फिरलं. पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत मी त्यांच्याशी भांडलो. ढोलकी समजावली, शब्द समजावले. शेवटी ओरडलोच, "तुम्हाला गाण्यातलं काही कळत नाही!"

तेवढ्यात पुढचं गाणं लागलं आणि अंतरा यायच्या आधीच ते गायला लागले. तोच आवाज, तसाच नाकातून!

मी पार ओशाळलो. "आबा, आधीच सांगायचं ना!"

"तीस वरीसमा मनी कॅसेटसाठे भांडणारा पहिलाच मानूस भेटना, भाऊ. म्हनीसन भांडू दिधं!"