त्र्यंबकरावांचा पाचवा दिवा

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. माणसाला कठीण काय? चमकणं? छे! ते बारशालाच जमतं — पोर रडलं की सगळी आळी बघते! कठीण आहे मंद होणं. दुसऱ्याला सोसेल एवढंच पेटणं! पटतंय का? पेटीवाले मान हलवताहेत, पण ते मी काहीही बोललो तरी हलवतात! तर ऐका.

त्र्यंबकराव डोंगरे. वीजखात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. बोलायला लागले की शेजारी खिडक्या लावून घेत! त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर डोळ्यावर एकदम उजेड नको. हळूहळू वाढवा." आणि यांच्या बैठकीच्या खोलीत पाच एलईडी! बटण दाबलं की लख्ख! बाई ओरडायच्या, "अहो, डोळे! वायरमनला बोलवा की!"

झालं! "मला वायरमन? मी अख्ख्या तालुक्याला उजेड दिलाय!" आणि केलं काय? माळ्यावरून जुन्या पंख्याचा रेग्युलेटर काढला, नि बसवला दिव्यांना! हसताय काय? तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलंय! फिरवला — दिवे फडफड, फडफड! बाईंच्या डोळ्यांना धारा! आणि हे म्हणतात, "करंटच खराब आहे!" स्वतःचं चुकलं म्हणतील तर शपथ!

तिसऱ्या दिवशी बाईंनी पिशवी भरून दारात ठेवली. "उद्याच्या गाडीनं मी चालले नाशिकला, भावाकडे. डोळे बरे झाले की येईन. तिथले दिवे नाचत नाहीत!"

आता मात्र त्र्यंबकरावांनी त्या पिशवीकडे बघितलं. बेचाळीस वर्षांचा संसार! तालुक्याला वीज देणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या घरचा गॅस पेटवता येत नव्हता! मुकाट्याने वायरमनसाठी फोन लावला.

आली रेश्मा वाघचौरे. आयटीआय झालेली, हातात टेस्टर. वर बघितलं नि म्हणाली, "काका, पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला चालत नाही. आणि हे दिवे मंद होणाऱ्यातले नाहीतच. खोक्यावर लिहिलेलं असतं."

"खोकं कोण वाचतं?"

ऐका! खोकं कोण वाचतं म्हणे!

रेश्मानं एलईडीचा डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, बसवला, मंद होणारे चार दिवे लावले. पाचव्याला हात घातला, तर हे कडाडले, "तो राहू दे! चालू दिवा कुणी काढतं का?" बरं, राहिला. डिमर फिरवला. चार दिवे खाली यायला लागले, पण पाचवा लागला थरथरायला, आणि त्याच्यापायी बाकीचेही थरथरले!

रेश्मा म्हणाली, "काका, एक जण ऐकत नाही, म्हणून चौघांना त्रास."

आतून बाईंचा आवाज आला, "तो एक जण कोण, ते मला बेचाळीस वर्षं ठाऊक आहे!"

मंडळी, त्र्यंबकराव स्वतः स्टुलावर चढले. स्वतःच्या हातानं तो दिवा काढला. रेश्मानं नवा लावला, अगदी मंद उजेडही स्थिर राहावा म्हणून डिमरचा बारीक स्क्रू पिळला. "आता फिरवा काका. सावकाश."

फिरवला. आणि काय सांगू! मंद आचेवर दूध वर येतं ना, तसा उजेड वर आला! ना फडफड, ना थरथर. बाई दारात आल्या, काळा चष्मा काढला. त्र्यंबकरावांनी हळूच विचारलं, "लागतंय का डोळ्याला?"

बाई म्हणाल्या, "लागत नाही. पण पाणी आलं बघा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंत." आणि पिशवी आत नेऊन ठेवली.

बघा, इकडे बायका पदर डोळ्याला लावताहेत, आणि पुरुष छताकडे बघताहेत! खाली बघा, खाली! तुमच्या उजेडाबद्दल कुणाची तक्रार नाही हो. पण घरी गेल्यावर, तोंड उघडायच्या आधी, बायकोला एकदा विचारा — "लागतंय का?" "हो" म्हणाली, तर वाद घालू नका. जरा खाली या. एवढं जमलं, तरच उद्या देवापुढे निरांजन लावा. नाहीतर देवही डोळे मिटून घेईल!