सातव्या प्रश्नापुढची खूण

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष आणि आपल्या केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाई, व्यासपीठावरचे दोन्ही खोल्यांचे डॉक्टर, सहकारी बंधुभगिनींनो आणि समोर बसलेल्या माझ्या घरच्या मंडळींनो,

एकतीस वर्षं मी नावनोंदणीच्या खिडकीच्या आतून बोलले. मध्ये काच नसताना एवढ्या लोकांसमोर आज पहिल्यांदाच उभी आहे, तेव्हा आवाज कापला तर सांभाळून घ्या. मघाशी अध्यक्षबाई इतकं चांगलं बोलल्या की मी मागे वळून बघितलं, दुसऱ्याच कुणाचा सत्कार आहे की काय! "खिडकीवाल्या बाईंच्या हातून कधी चूक झाली नाही," असं त्या म्हणाल्या. त्यांचा मान राखून सांगते, ते खरं नाही.

पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे येणारी माणसं कुठल्या ना कुठल्या धक्क्यातून गेलेली असतात. तो प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून इथे डोळ्यांनाच कामाला लावतात. पहिल्या खोलीतल्या ताई बोटं डावीउजवीकडे फिरवतात, माणसाने ती नजरेने धरायची, आणि मध्येच थांबून त्या विचारतात, "आता काय येतंय मनात?" तिथे सांगावं लागतं, सगळं नाही, पण काहीतरी. दुसऱ्या खोलीतही नजर फिरतेच, पण घडलेलं मनातल्या मनात ठेवलं तरी चालतं, आणि तीनचार बैठकांत काम आटोपतं. दोन्हीकडून माणसं हलकी होऊन गेलेली मी पाहिली आहेत. "बाई, कुठली खोली जास्त गुणकारी?" असं लोक मला रोज विचारायचे, जणू मी भाजीच घेऊन बसले होते! मी म्हणायची, "ते डॉक्टर तुमच्याशी बोलून ठरवतील, तुम्ही फक्त फॉर्म भरा." त्या फॉर्मवर सातवा प्रश्न आहे: घडलेलं बोलून दाखवायची तयारी आहे का?

हे शहाणपण मी जगाला शिकवलं. सख्ख्या भावाच्या वेळी मात्र गुंडाळून ठेवलं.

दादा क्रेन चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या क्रेनला टांगलेला गर्डर खाली आला आणि तिथे उभा असलेला वेल्डर गेला. दोघं रोज एका डब्यात जेवायचे. चौकशीत साखळीचा दोष निघाला, दादा सुटला, पण त्याची झोप उडाली ती उडालीच. शेवटी मीच त्याला इथे घेऊन आले. खिडकीपाशी उभा राहून तो म्हणाला, "तू रोज बघतेस, तूच सांग कुठे जाऊ. मला एकदा कुणाला तरी सगळं सांगून टाकायचंय."

मी म्हटलं, "अरे, सांगायची गरजच नाही! दुसऱ्या खोलीत जा. तिथे एक शब्द काढावा लागत नाही."

"असं? तू म्हणतेस म्हणजे बरोबरच असेल," म्हणाला. चष्मा घरी विसरला होता, म्हणून फॉर्म मी भरला. सातव्या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण केली.

आता तुम्ही विचाराल, बहिणीने असं का करावं? अपघात झाला तो अकरा वाजून वीस मिनिटांनी. त्याच वेळी मी त्याला फोन करत होते. उचलेना, म्हणून तीनदा केला. येताना आईच्या गोळ्या आण, एवढंच सांगायचं होतं. संध्याकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्या फोनबद्दल तो कधी बोलला नाही, मीही विषय काढला नाही. पण पहिल्या खोलीत ताईंनी विचारलं असतं, "आता काय येतंय मनात?" आणि तो म्हणाला असता, "फोन वाजतोय. बहिणीचा." मग मी या खिडकीत कुठल्या तोंडाने बसले असते? भीती माझी होती आणि उपचार त्याचा ठरला.

दुसऱ्या खोलीतल्या डॉक्टरांचा यात काडीचा दोष नाही. तिसऱ्या बैठकीनंतर ते स्वतः मला म्हणाले, "यांना काहीतरी सांगायचंय. विचारलं की म्हणतात, बहीण म्हणाली गरज नाही. पहिल्या खोलीत पाठवू या का?" मी म्हटलं, "नको, आता बरं वाटतंय त्याला."

झोप आली, हे खरं. पण क्रेनवर तो पुन्हा चढला नाही, गोदामाच्या फाटकावर बसतो. घरात कुणाचाही फोन वाजला की चपला घालून बाहेर जातो, वाजायचा थांबला की परत येतो. नऊ वर्षं मी हे बघते आहे, आणि करते काय, तर माझा फोन मुका करून ठेवते. फार वाईट वाटतं मला त्याचं.

माझ्या जागी येणाऱ्या बाईंना एवढंच सांगेन, सातवा प्रश्न वाचून दाखवा, पण खूण ज्याची त्याला करू द्या. आणि आपलं माणूस आलं, तर खिडकीतून उठा.

शाल, फुलं, इतक्या वर्षांचा लोभ, सगळ्यासाठी मी तुमची ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते तुम्ही पोटात घालाल. दुसरी माफी मात्र ज्याची मागायची, तो तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसला आहे. दादा, उठून जाऊ नकोस. तो फोन मीच केला होता. पहिली खोली उद्याही उघडी आहे; जायचं की नाही ते तू ठरव. फॉर्म माझ्या पिशवीत आहे, कोराच आहे.

चष्मा आणलायस ना?