घोरपडीची चार मिनिटं

मेघा : सिनेमात तेरा मिनिटं वाढवली असं डीव्हीडीच्या डबीवर छापलंय, बाबा. टॉकीजमध्ये मी न पाहिलेली मोजली तर सतरा भरून राहिली.

प्रेमानंद : मोजतानी चुकली असशील.

मेघा : तीनदा मोजली. उद्या रामदासपेठच्या लायब्ररीत चाळीस पोरं येणार. त्यांना हा एक्स्टेंडेड कट, म्हणजे वाढवलेला सिनेमा दाखवायचा आणि टॉकीजमध्ये लागलेल्या सिनेमात यातलं काय नव्हतं ते सांगायचं. चुकीचं कसं सांगू? तुम्ही तेव्हा त्याच टॉकीजचे ऑपरेटर, सिनेमाचं मशीन तुमच्याच हातात. तुम्हाला पाठ असेल.

प्रेमानंद : वीस वर्षं झाली वं. कोणाले आठवते.

मेघा : मी नव्या प्रसंगांची यादी वाचते, तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा. दलदलीतल्या त्या हातभर जळवा होत्या?

प्रेमानंद : नव्हत्या. परवा पाहून अंगावर काटा आला माह्या.

मेघा : जहाजावरचा आचारी पोरीला पत्र लिहितो, ते?

प्रेमानंद : तेही नव्हतं. टॉकीजमध्ये तो नुसता मरे. नाव नाही, गाव नाही. आता मरते तं जीव तुटते.

मेघा : तेच तर सांगायचंय. सिनेमा नुसता लांब नाही होत, त्यातली माणसं आपली होतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे घोरपडीचं. डोंगराएवढी ती, फुटलेल्या अंड्यांपाशी बसते, नाकानं वाळू लोटून एकेक अंडं झाकते. टॉकीजमध्ये ती उगाचच जहाजावर धावून जायची. मी लिहिलंय, पहिल्या वेळी बनवणाऱ्यांना तिची दयाच आली नाही.

प्रेमानंद : ते नको लिहू.

मेघा : काहून?

(प्रेमानंद उठून पंखा कमी करतात, मग पुन्हा वाढवतात. बोलणं टाळायला माणूस जी कामं काढतो, त्यातलंच हे एक.)

मेघा : बाबा?

प्रेमानंद : ते होतं वं. पहिल्या दिवशीपासून होतं. मी कापलं.

मेघा : मालकानं सांगितलं असेल.

प्रेमानंद : मालकाले पत्ताच नव्हता. पहिल्याच खेळाले लोकं कंटाळले, शिट्ट्या मारल्या, 'आगे बढाओ' म्हणून बोंबलले. मी मशीनघरात कैची काढली. चार मिनिटं काढले, अन् असा जोड मारला का कोणाले समजलं नाही. चार लोकांत मिरवलो मी त्यावर. म्हणत होतो, पब्लिकची नाडी मलेच समजते.

मेघा : आणि तो तुकडा?

प्रेमानंद : डब्यात ठेवला. सिनेमा परत पाठवतानी गुपचूप जोडून देला. म्हणजे हे आपलं काम नाही, हे मले तवाही समजत होतं.

मेघा : मी नऊ वर्षांची होते. आईजवळ बाल्कनीत. घोरपड मेली तेव्हा मी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या.

प्रेमानंद : माहीत आहे मले. मशीनच्या खिडकीतून तुलेच पाहून राहिलो होतो.

मेघा : तेव्हा तरी वाटलं नाही, जोडून द्यावं?

प्रेमानंद : नाही वाटलं. हाऊसफुल्ल होतं, सारे टाळ्या वाजवून राहिले होते. मले बरं वाटलं. परवा तू हे लावलं, तिनं अंड्यावर वाळू लोटली, अन् तू ओढणीनं डोळे पुसले. तवापासून तुह्या तोंडाकडे पाहाची लाज वाटून राहिली मले.

मेघा : तेरा मिनिटांचं मी सांगीन. या चारांचं काय सांगू?

प्रेमानंद : माहं नाव घे. ऑपरेटरनं कापलं म्हण.

मेघा : पोरं विचारतील, काहून कापलं.

प्रेमानंद : मंग मीच येतो सांगाले. तू फक्त तेवढा वेळ बाहेर थांबजो.