पहिलं पान सर वाचतील

(नांदेड. सभागृहात पुस्तक प्रकाशन सुरू व्हायचंय. मंचामागे दोघं.)

कलीम : म्हणजी सिद्धराम सरानं पुस्तक वाचलंच न्हाई?

नागसेन : कसं वाचंल? पुडा बंद हाय. पाहुण्यानं मंचावर कागद सोडायचा अन् पहिलं पान वाचून दाखवायचं. रीतच हाय ती.

कलीम : अन् पहिल्या पानावर आपलं बालगृह.

नागसेन : बालगृहाचं फाटक, तुझी थाळी. अन् अधीक्षक सिद्धराम, नावासकट.

कलीम : वा रे लेखका! लई दिवसांनी काळजात गार वाटलं.

नागसेन : माझं मात्र मन होईना. म्हातारा झालाय रे. लातूरहून एकटाच आला, एसटीनं. वाटतंय, दुसरंच पान उघडून द्यावं.

कलीम : दे की. फक्त आधी सांग, माझी अम्मी गेल्याचा निरोप आला, तवा त्यानं काय केलं?

नागसेन : मीच लिहिलंय ते.

कलीम : तोंडानं बोल.

नागसेन : तुला थाळी घेऊन फाटकाबाहेर बसवलं. "रडकी पोरं आत चालत नाहीत" म्हणाला. येणारेजाणारे भिकारी समजून भाकर टाकून गेले.

कलीम : तवापासून डोळ्यात पाणी न्हाई. तूबाच्या बिदाईला समदे रडून राहिले, अन् मी पोरीचा बाप, मांडवातल्या वायरी गुंडाळत बसलो. बायको म्हणली, दगड हाय ह्यो माणूस. मला त्याचं तोंड पाह्यचंय, नागसेन. भरल्या सभेत.

नागसेन : गप. आले.

सिद्धराम सर : नागसेन! बाळा, नाव काढलंस. एसटीत सगळ्यांना सांगत आलो, माझाच मुलगा आहे म्हणून.

नागसेन : बसा सर. पाणी घ्या.

सिद्धराम सर : घरची मुलं विचारत नाहीत रे. तू आठवण ठेवलीस. हे बघ, डोळे भरून आले.

नागसेन : सर, ते पहिलं पान... एक सांगायचं होतं.

सिद्धराम सर : वाचतो की, चष्मा आणलाय. हा कोण?

नागसेन : वळखलं न्हाई? आपला कलीम. बालगृहातला. आज माईक त्याचाच हाय.

सिद्धराम सर : असेल बाबा. किती पोरं आली नि गेली. बरं, जेवणाचं नीट बघ हं. पाहुणे आत बसतील. ह्या माईकवाल्याची थाळी बाहेर दे, फाटकापाशी.

कलीम : जी, सर.

सिद्धराम सर : तू काय सांगत होतास, नागसेन?

नागसेन : काही न्हाई, सर. सावकाश वाचा. कलीम, आवाज वाढव.